मेद, पथ्य आणि मंडई

अन्न कमी पडलें म्हणजे माणसाचें काय होतें, ह्याची नोंद इतिहासानें भरपूर ठेवली आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळाचें नांव महाराष्ट्रांत शतकें लोटलीं तरी पुसलें गेलें नाहीं; १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाचे जाडजूड सरकारी अहवाल उपलब्ध आहेत; १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची तर स्वतंत्र आयोग नेमून चौकशी झाली. परंतु अन्न अधिक झालें म्हणजे काय होतें, आणि तें अधिक झालेलें अंगावरून उतरविण्यासाठीं माणसानें काय काय केलें, ह्याचा इतिहास असा एका ठिकाणीं सांपडत नाहीं. तो वैद्यांच्या पोथ्यांत, लठ्ठ गृहस्थांच्या पत्रकांत, रसायनशास्त्रज्ञांच्या कोष्टकांत आणि भाजीबाजारांच्या कहाण्यांत विखुरलेला आहे. ह्या चारहि ठिकाणीं हिंडून आलें म्हणजे एक मौज दिसते. मेद उतरविण्याच्या विद्येंत मांसाला, दुधाला, धान्याला वेळोवेळीं मान मिळाला आणि गेला. पण बाजारांत रोज येणारी साधी हिरवी भाजी मात्र एकदां औषध, एकदां चैन आणि शेवटीं पुन्हां औषध अशा पदव्या घेत आली. ही पदवी कोणी दिली, कोणी काढून घेतली आणि कां, हेंच येथें पाहावयाचें आहे.

आरंभ चरकापासून करणें योग्य होईल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसावा अध्याय ‘अष्टौनिंदितीय’ ह्या नांवानें ओळखला जातो. देहाच्या दृष्टीनें निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या पुरुषांची त्यांत गणना आहे, आणि त्या आठांपैकीं अतिस्थूल व अतिकृश ह्या दोघांचा विचार विस्तारानें केलेला आहे. स्थूलतेचीं कारणें सांगतांना ग्रंथकार केवळ अतिभोजनावर थांबत नाहीं. गोड, जड, थंड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोंप ह्यांच्या जोडीला तो सदैव हर्षांत राहणें, कशाचीहि चिंता न करणें आणि बीजाचा स्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा, हीं कारणेंहि देतो. आयुष्य घटणें, हालचाल मंदावणें, दुर्बलता, दुर्गंधि, घाम, अनिवार भूक आणि अनिवार तहान हे त्यानें सांगितलेले दोष आहेत. लठ्ठ माणसाला भूक अधिक कां लागते, हा प्रश्न त्याला महत्त्वाचा वाटला. मेदानें मार्ग अडला म्हणजे वायु कोठ्यांत फिरूं लागतो, जठराग्नि भडकवितो, आणि वणवा रान जाळतो तसे हे दोघे मिळून देह जाळतात, अशी त्याची उपपत्ति आहे. म्हणूनच स्थूल आणि कृश ह्या दोघांत कृशाची स्थिति त्यांतल्या त्यांत बरी, कारण स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड, असा निर्णय त्यानें दिला आहे.

ह्या अडचणीवर त्यानें काढलेला तोडगा मोठा मार्मिक आहे. स्थूलाला द्यावयाचें अन्न ‘गुरु’ असावें पण ‘अपतर्पण’ असावें, असें तो सांगतो. म्हणजे पोटाला जड वाटावें, भूक भागावी, पण देहाचें पोषण मात्र फारसें होऊं नये. मग यादी येते: जव, सांवा, हरीक, ज्वारी, मूग, कुळीथ, तुरीचे दाणे, आणि ह्यांच्या जोडीला पटोल म्हणजे कडू पडवळ आणि आवळा, वर प्यावयास मध घातलेलें पाणी. जागरण, व्यायाम आणि मनाचे श्रम हीं हळूहळू वाढवीत न्यावीं, असाहि उपदेश आहे. ह्या यादींत दूरदेशीचा, दुर्मिळ किंवा मोलाचा असा एकहि पदार्थ नाहीं. कोरडवाहू रानांत पिकणारें भरड धान्य, कडधान्य आणि परसांतल्या मांडवावर लोंबणारी फळभाजी हेंच तें पथ्य. त्याच संहितेच्या सहाव्या अध्यायांत सहा ऋतूंचे आहारविहार सांगितले आहेत. तेव्हां काय खावें ह्याच्याबरोबर केव्हां खावें, हा प्रश्नहि त्या काळीं वैद्यापुढें होता, हें उघड आहे.

युरोपांत ह्या विषयाला लोकप्रियता मिळाली ती पुष्कळ उशीरां, आणि तीहि एका वैद्याच्या नव्हे तर एका रोग्याच्या लेखणीनें. विल्यम बँटिंग हा लंडनमधील प्रतिष्ठित घराण्यांच्या अंत्यविधींची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक. १८५२ सालीं ड्यूक ऑफ वेलिंग्टनची जी भव्य अंत्ययात्रा निघाली, तिची व्यवस्था ह्याच पेढीकडे होती. १८६२ च्या ऑगस्टांत बँटिंगचें वय ६६, उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड होतें. त्याला वांकून स्वतःच्या बुटाचे बंद बांधतां येत नसत आणि जिना उतरतांना पाठमोरें उतरावें लागे. वैद्यांच्या सल्ल्यानें त्यानें पहांटे नदीवर होडी वल्हविण्याचा व्यायाम केला. त्यानें अंगांत जोम आला, पण भूकहि वाढली आणि वजन होतें तेथेंच राहिलें. चरकाच्या वणव्याचा हा टेम्सच्या कांठचा अनुभव म्हणावयाचा! शेवटीं कानानें ऐकूं येईनासें झालें म्हणून तो विल्यम हार्वे नांवाच्या कानाच्या शस्त्रवैद्याकडे गेला. हार्वेनें पॅरिसमध्यें क्लोद बर्नार ह्या शास्त्रज्ञाचीं यकृत व शर्करा ह्यांविषयींचीं व्याख्यानें ऐकलेलीं होतीं. त्यानें बँटिंगला पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा वर्ज्य करावयास सांगितलें. वर्षभरांत वजन १५६ पौंडांवर आलें, म्हणजे ४६ पौंड उतरलें. १८६३ सालीं त्यानें ही हकीकत एका पत्रकाच्या रूपानें स्वतःच्या खर्चानें छापून वांटली. तिची मागणी इतकी वाढली कीं, इंग्रजींत पथ्यानें बारीक होण्याला त्याच्याच नांवाचें क्रियापद रूढ झालें; इंग्रजींतून तें गेलें, तरी स्वीडिश भाषेंत आजहि चालतें.

बँटिंगचें पथ्य मुख्यतः मांस आणि मासळी ह्यांचें होतें हें खरें. पण बटाट्याखेरीज कोणतीहि भाजी आणि कांहीं फळें खाण्याची त्याला मोकळीक होती. त्याच्या आधीं १८२५ सालीं फ्रान्समध्यें ब्रिया-सावारँ ह्यानें रुचीविषयींच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत पीठ आणि पिष्टमय पदार्थ हेंच मेदवृद्धीचें मूळ असें सांगितलें होतें. पिष्ट आणि साखर ह्यांच्यावर रोख धरण्याची ती परंपरा आजहि संपलेली नाहीं.

ह्यानंतर रंगभूमीवर रसायनशास्त्र आलें. अमेरिकेंतील कनेटिकट संस्थानांतील मिडलटाउन येथें विल्बर अ‍ॅटवॉटर ह्या शास्त्रज्ञानें १८९० नंतरच्या दशकांत सहकाऱ्यांच्या मदतीनें एक बंदिस्त खोली तयार केली. तींत माणसाला दिवसचे दिवस ठेवून त्यानें खाल्लेलें अन्न आणि त्याच्या देहांतून बाहेर पडणारी उष्णता ह्यांचा ताळा घालण्यांत आला. पिष्ट व प्रथिन ह्यांच्या एका ग्रॅमांत सुमारें ४ आणि स्निग्धाच्या एका ग्रॅमांत सुमारें ९ उष्मांक, हे आजहि वापरांत असलेले ठोकताळे त्याच्या कामांतून आले. अ‍ॅटवॉटरची दृष्टि लठ्ठांकडे नव्हती. मजुरानें आपल्या तुटपुंज्या मजुरींत अधिकांत अधिक शक्ति कशी मिळवावी, हा त्याचा प्रश्न होता. त्या हिशेबांत हिरवी भाजी आणि फळें फार वाईट रीतीनें नापास झालीं. पैसा पाहावा तर बराच आणि उष्मांक पाहावे तर थोडे. तेव्हां गरिबानें ह्या चैनीच्या वस्तूंवर पैसा घालवूं नये, असा सल्ला त्यानें दिला. चरकानें ज्या गुणासाठीं पटोल सांगितला, त्याच गुणासाठीं अ‍ॅटवॉटरनें भाजीला दोष दिला!

मात्र दोषाचा गुण होण्यास वीस-पंचवीस वर्षेंच लागलीं. १९१८ सालीं लॉस एंजलिस येथील डॉ. लूलू हंट पीटर्स ह्या विदुषीनें आहार आणि उष्मांक ह्यांविषयीं एक पुस्तक लिहिलें. त्या स्वतः एके काळीं २२० पौंड वजनाच्या होत्या. पावाचा तुकडा किंवा वडीचा तुकडा असें न म्हणतां शंभर उष्मांकांचा पाव, शंभर उष्मांकांची वडी असें म्हणावयास त्यांनीं वाचकांना शिकविलें. तो महायुद्धाचा काळ होता. अन्न वांचविणें हें देशकर्तव्य मानलें जात होतें, आणि पीटर्सबाईंनीं वजन उतरविण्याला त्या कर्तव्याची जोड दिली. पुस्तकाच्या लक्षावधि प्रती खपल्या. त्यांच्या कोष्टकांत शंभर उष्मांकांचें लोणी म्हणजे चमचाभर आणि शंभर उष्मांकांची पालेभाजी म्हणजे भलीमोठी रास. उपाशी मजुराला जी वस्तु महाग पडत होती, तीच खाऊन सुटलेल्या गृहस्थाला आतां हवीहवीशी झाली. कोष्टक तेंच, आंकडे तेच. प्रश्न तेवढा बदलला.

दरम्यान दुसऱ्या बाजूनेंहि भाजीची बाजू बळकट होत होती. जावा बेटांत एकमान ह्या डच डॉक्टरानें सडलेल्या तांदळावर वाढविलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो, हें गेल्या शतकाच्या आरंभापूर्वींच पाहिलें होतें. १९१२ सालीं काझिमिर फुंक ह्यानें अन्नांतील अशा सूक्ष्म घटकांना जें नांव दिलें, त्यालाच मराठींत पुढें जीवनसत्त्व म्हणूं लागले. भारतांत निलगिरीतील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅककॅरिसन ह्यानें निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचा आहार उंदरांना देऊन त्यांची वाढ तपासली. अख्ख्या गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ आणि ताजी भाजी ह्यांवर वाढलेले उंदीर धष्टपुष्ट निघाले. पांढरा पाव, मार्गारिन, मुरंबा, डब्यांतलें मांस आणि उकडून निःसत्त्व केलेली भाजी ह्यांवर वाढलेले रोगट निघाले. तेव्हां नुसता उष्मांकांचा हिशेब जुळला म्हणजे आहार पुरा झाला, असें म्हणण्याची सोय राहिली नाहीं.

कुन्नूरच्या त्याच प्रयोगशाळेंतून १९३७ सालीं डॉ. वॉलेस अ‍ॅक्रॉइड ह्यांनीं भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. दुधी, पडवळ, मेथी, ज्वारी, बाजरी ह्या घरगुती वस्तूंना कोष्टकांत जागा मिळाली. हेच अ‍ॅक्रॉइड पुढें बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचे सभासद झाले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. उपाशी माणसाला किमान किती अन्न लागतें हें ठरविण्यासाठीं जीं कोष्टकें जन्मास आलीं, त्यांचाच उपयोग आज अधिक खाणारा माणूस आपलें ताट हलकें करण्यासाठीं करतो. ती संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था ह्या नांवानें ओळखली जाते.

ह्या संस्थेच्या कोष्टकांतील कांहीं आंकडे गृहिणीनें एकदां नजरेखालून घालण्यासारखे आहेत. १०० ग्रॅम दुधींत १२ उष्मांक, काकडींत १३, पडवळांत १८, वांग्यांत २४, कोबींत २७, मेथीच्या पाल्यांत ४९, बटाट्यांत ९७, आणि ज्वारींत ३४९. तेलाच्या मात्र १०० ग्रॅमांत ९००. आतां पाव किलो दुधीची भाजी केली तर दुधीचे उष्मांक झाले ३०. पण तिला १५ ग्रॅम तेलाची फोडणी दिली तर फोडणीचेच झाले १३५. वर ओंजळभर दाण्याचें कूट आणि गुळाचा खडा पडला, म्हणजे भाजी नांवाला उरली. वजन उतरविण्यासाठीं मंडईंतून भाजी आणणारीं अनेक घरें फसतात तीं बाजारांत नव्हे, चुलीपाशीं फसतात.

बाजाराचाहि इतिहास आहे, आणि तो पथ्याच्या इतिहासाहून कमी बोधप्रद नाहीं. मुंबईची क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ सालीं पुरी झाली. पुण्यांत भाजीबाजार पूर्वीं शनिवारवाड्यापुढील मैदानांत भरत असे. त्यासाठीं बांधलेली अष्टकोनी मनोऱ्याची मंडई १८८६ सालीं उघडली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांचें नांव देण्यांत आलें. ह्या इमारतीवर होणाऱ्या मोठ्या खर्चाला नगरपालिकेंत विरोध करणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले होते. तो पैसा शिक्षणाकडे लागावा असें त्यांचें म्हणणें होतें. फुले हे नुसते टीकाकार नव्हते. घराण्याचा धंदा फुलाभाजीचा, आणि मांजरीस त्यांची स्वतःची शेती. शहरांत माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला जकात आणि दलाली ह्यांतून काय उरतें, हें त्यांनीं १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत परखडपणें मांडलें आहे. पुढें आचार्य अत्रे ह्यांच्या पुढाकारानें त्याच पुण्याच्या मंडईला महात्मा फुल्यांचें नांव दिलें गेलें, आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाहि कालांतरानें तेंच नांव मिळालें. घाऊक व्यापार आतां गुलटेकडीस व वाशीस गेला. किरकोळ गाळे जुन्या जागीं आहेत. पथ्याच्या पुस्तकांत ‘भाजी भरपूर खावी’ हें वाक्य लिहावयास सोपें आहे. पण जुडी कोणी खुडली, किती पहांटे खुडली आणि तिचे त्याला काय मिळाले, हा फुल्यांचा प्रश्न त्या वाक्याच्या पाठीशीं उभाच असतो.

मराठी घरांत हंगामाची आठवण पंचांगानेंहि ठेवली आहे. भाद्रपदांत ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टावांचून पिकलेलें खावयाचें, म्हणून अळू, सुरण, भोपळा, दोडका, भेंडी अशा परसांतल्या भाज्या एकत्र येतात. पौषांत भोगीला घाटे, पावटे, वाटाणे, गाजर, वांगीं ह्यांची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. चातुर्मासांत वर्ज्य केलेलें वांगें चंपाषष्ठीला भरताच्या रूपानें परत येतें. त्या त्या महिन्यांत त्या त्या भागांत जें मुबलक व कोंवळें मिळतें, तेंच ताटांत यावें, अशी ही व्यवस्था दिसते. उलट उपवासाची गोष्ट! बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला, त्याचें नांवहि त्यांच्याच भाषेचें. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बँटिंगच्या डॉक्टरानें जो बटाटा ताटांतून उचलला, तो आपल्याकडे फराळाच्या ताटांत मानानें बसला. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनीं उगाच केलेली नाहीं.

ताज्या भाजीविषयीं बोलतांना अतिशयोक्तीहि टाळली पाहिजे. जवळच्या रानांतली म्हणून कोणतीहि भाजी मेद जाळीत नाहीं. पालेभाजींतील क जीवनसत्त्व साठवणींत घटत जातें, म्हणून सकाळची जुडी सकाळींच शिजविण्यांत अर्थ आहे. पण तिचा खरा उपयोग चरकानें सांगितला तोच, कीं ती पोट भरते आणि भार घालीत नाहीं. जागतिक आरोग्य संघटना बटाट्यासारखे कंद वगळून दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळें व भाज्या खाव्यात, असें सुचविते. त्याचबरोबर नुसत्या पाल्यावर राहून देह झिजविण्यांत शहाणपण नाहीं. १९४४-४५ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत आन्सेल कीज ह्यानें ३६ निरोगी तरुणांना सुमारें सहा महिने अर्धपोटीं ठेवलें. बटाटे, कोबी, सलगम, पाव असें त्यांचें अन्न होतें. वजन सुमारें एक चतुर्थांश घटलें. पण ते चिडखोर, उदास झाले, रात्रंदिवस अन्नाचाच ध्यास त्यांना लागला, आणि कांहीं तर पाककृतींचीं पुस्तकें वाचीत बसूं लागले. भूक ही शत्रु समजून तिच्यावर चाल करून जाणाराचें काय होतें, ह्याचा हा शास्त्रशुद्ध दाखला आहे. चरकानें उपाय ‘हळूहळू’ वाढवावयास सांगितले, त्यांतील मर्म येथें कळून येतें.

हा विषय आतां थोड्या सुखवस्तूंचा राहिलेला नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील प्रौढ स्त्रियांत शेंकडा २४ आणि पुरुषांत शेंकडा जवळजवळ २३ जणांचें वजन प्रमाणाबाहेर आढळलें. त्याच पाहणींत कृश स्त्रीपुरुषांची संख्याहि मोठी होती. अतिस्थूल आणि अतिकृश, चरकानें एकाच अध्यायांत बसविलेले हे दोघे आज एकाच शहरांत, कित्येकदां एकाच घरांत राहतात. दोघांचेंहि पथ्य एकाच मंडईंत मिळतें: एकाला डाळ, दाणे व ज्वारी अधिक हवी, दुसऱ्याला दुधी, पडवळ व पालेभाजी अधिक हवी. ती मंडई त्या दोघांना परवडावी आणि तिला माल पुरविणाऱ्या तिसऱ्यालाहि परवडावी, ही गोष्ट साधल्यावांचून आहारशास्त्राचीं सगळीं कोष्टकें कागदावरच राहतील. पथ्य वैद्य सांगतो आणि ताट गृहिणी वाढते. पण त्या ताटाची सुरुवात पहांटे पाणी देऊन वाफ्यांत उभ्या राहिलेल्या माणसापाशीं होते.